रेकॉर्ड क्रमांक २११४, तीनदा ऐकली

क्रमांक: २११४
लेबल: पांढरं, कोरं
कोणाची: नाव नाही
वेग: ३३
किती वेळा ऐकली: तीनदा
निकाल: या माणसाला कोणीतरी पाणी द्या.

या कार्डावरची एकच ओळ चुकलेली आहे, वेगाची. रेकॉर्ड पंचेचाळीसची होती. मास्तरांनी ती तेहतीसवर ऐकली, तीनदा ऐकली, आणि मासिकात तिची अशी काही सालं काढली की पुढे वर्षभर ती ओळ त्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी होती. रेकॉर्ड केली होती त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. बहिणीला सगळं ठाऊक होतं, आणि ती बावीस वर्षं गप्प होती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. शनिवार-रविवार एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावून माणसं नाचवायची आणि उरलेले पाच दिवस लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत बसून बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, असा त्यांचा संसार. मास्तर हे नाव बाकीच्या डीजेंनी ठेवलं, कारण यांना चूक दिसली की राहवत नसे. कोणी कौतुकाने एखादी रेकॉर्ड दाखवली की हे ती उलटीसुलटी करून म्हणायचे, "दुसऱ्या छपाईची आहे. पहिल्या छपाईत बासचा आवाज असा बसका नाही." दाखवणाऱ्याचं तोंड उतरायचं. मास्तरांना ते उतरलेलं तोंड दिसत नसे. त्यांचं लक्ष रेकॉर्डवर.

घरात दोन खोल्या होत्या आणि त्यातली मोठी रेकॉर्डींची होती. नुसत्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या. सिंथेसायझर, ड्रम मशीन, बारा-बारा मिनिटं एकच ठोका आणि त्याच्या पोटात हळूहळू काहीतरी हलणारं. बायको म्हणायची, "या घरात रेकॉर्डी मालक आणि आपण भाडेकरू." प्रत्येक रेकॉर्डला क्रमांक, प्रत्येकीच्या कव्हरात एक कार्ड. आणि महिन्याकाठी एका मासिकात एक पान. त्या पानाचा दरारा होता. मास्तरांनी बरं म्हटलं तर दुकानदार रेकॉर्ड काचेत मांडायचे, वाईट म्हटलं तर खोके न फोडता परत धाडायचे.

त्यांचे तीन नियम होते, आणि तिन्ही ते येईल त्याला ऐकवायचे.

पहिला: तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. एकदा सकाळी रिकाम्या पोटी, एकदा जेवून, एकदा शेजारच्या खोलीत इस्त्री करता करता.

दुसरा: वेग वाचायचा नाही, कानाने ओळखायचा. त्याचं असं, की काही रेकॉर्डी मिनिटाला तेहतीस फेरे फिरवायच्या असतात, काही पंचेचाळीस. लेबलावर लिहिलेलं असतं, कोऱ्या लेबलाच्या रेकॉर्डवर निदान शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात टोकदार काहीतरी घेऊन कोरलेलं असतं. मास्तर म्हणत, "लेबल वाचून वेग लावतो तो गिऱ्हाईक. मला चार ठोके पुरतात."

तिसरा: ज्याच्यावर लिहिलं त्याचं पत्र फोडायचं नाही. मासिकातून पत्रं यायची, ती बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात बंदच्या बंद पडायची. "एकाचं रडणं वाचलं की पुढच्याला झुकतं माप जातं," असं म्हणत ते. प्रामाणिकपणाच होता तो. मास्तरांना लबाड कोणीही म्हणणार नाही.

*

मासिकातला मजकूर, जसाच्या तसा:

"गेल्या महिन्यात कोऱ्या लेबलाची एक रेकॉर्ड आली. करणाऱ्याने नाव घातलेलं नाही, आणि ऐकल्यावर त्याचा शहाणपणा पटतो. कोणीतरी लाकडी कपाटावर मुठी आपटतं आहे, तेही जेवण अंगावर आल्यासारखं. वर चमच्यांचा खणखणाट. स्वयंपाकघरात बहुधा कोणाचं तरी बिनसलं आहे. चौथ्या मिनिटाला एक माणूस रडका घसा काढून काहीतरी मागू लागतो. काय मागतो ते तीनदा ऐकूनही मला कळलं नाही. पाणी असावं. या माणसाला कोणीतरी पाणी द्या, म्हणजे तो गप्प बसेल आणि आपण सुटू."

हॉलमधल्या पोरांना हे पाठ झालं. कोणाची रेकॉर्ड जरा रेंगाळली की मागून आवाज यायचा, "अरे पाणी द्या रे त्याला." मास्तर ओठ दाबून हसायचे. आपली ओळ लोकांच्या तोंडी बसली की कोणाला गुदगुल्या होत नाहीत?

*

ऐकणं पहिलं

बावीस वर्षांनी, एका दुपारी, मास्तर लिफ्टच्या तक्रारींतून निवृत्त होऊन चार महिने झालेले असताना फोन वाजला. पलीकडे एक बाई. दुसऱ्या शहरात छोटं लेबल चालवायची. हरवलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधून पुन्हा छापायच्या, हा तिचा उद्योग. एका जुन्या सामानाच्या दुकानात तिला कोऱ्या लेबलाची एक रेकॉर्ड सापडली होती. तेव्हापासून ती झपाटून गेली होती. कोणी केली, कुठे केली, काही पत्ता नाही. छापील असं एकच काही मिळालं होतं, मास्तरांचं ते पान.

"आपण कडक लिहिलंय," बाई म्हणाली.

"ज्याला त्याला लायकीप्रमाणे."

"पण त्यात एक माणूस गातो असं आहे."

"गातो कसला. रेकतो."

"माझ्याकडच्या रेकॉर्डमध्ये तर मुलगी गाते."

"मग तुमची रेकॉर्ड दुसरी असेल."

"मुठींचा ठोका आहे. चमचे आहेत."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू का? रागावू नका हं," बाई म्हणाली. "आपण किती वेगावर लावली होती?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात दोनदाच विचारला गेला. आज, आणि एकदा आईच्या घरी, रविवारी सगळे जेवायला जमले असताना. तेव्हा मासिक नुकतंच आलं होतं आणि मास्तरांनी पान मोठ्याने वाचून दाखवलं होतं. चिंगीने, म्हणजे धाकटीने, असंच काहीसं विचारलं होतं. आपण त्यावर काहीतरी बोललो आणि सगळे हसले, एवढं मास्तरांना आठवत होतं. काय बोललो ते आठवेना. विनोदी होतं खास.

"बघून सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

२११४ जागच्या जागी होती. वाईट रेकॉर्डही ते टाकत नसत. संग्रह तो संग्रह. दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा शेवटच्या पट्ट्यात, बोटाच्या नखाएवढं, कोणीतरी सुईने कोरलेलं दिसलं. ४५.

त्यांनी बटण दाबलं, पंचेचाळीसचा दिवा लागला, सुई टेकवली.

ठोका आला. तीन, जरा थांबून दोन. तीन, जरा थांबून दोन. मास्तर उभेच राहिले. लग्नाआधी आईच्या घरी त्यांची खोली होती, तिला ते आतून कडी घालून रेकॉर्डी ऐकत बसायचे, आणि बाहेरून बारा वर्षांची चिंगी असं ठोठवायची. तीन, जरा थांबून दोन. ते उठत नसत. उठलं की एकाग्रता मोडते.

चौथ्या मिनिटाला आवाज आला. हलका, हसरा, नाचत नाचत येणारा. मुलीचा.

*मला पण ऐकू दे. मला पण ऐकू दे.*

बायको वाळलेले कपडे घेऊन दारातून जात होती, ती थबकली. "अगंबाई. चिंगी ही. तिचाच आवाज. कधी गायली ती?"

मास्तरांनी कव्हर उलटून नाव शोधलं. कोरं.

"आणि हे चमचे ऐका. सासूबाईंचा ड्रॉवर. रागावल्या की असाच आदळायच्या, एकेक चमचा वेगळा वाजायचा." बायको हसली आणि कपड्यांवर हनुवटी टेकवून ऐकत राहिली. "किती गोड लावलंय."

"कुठले चमचे?" मास्तरांनी विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "काय कुठले? हे काय, वाजतायत की."

ठोका होता. आवाज होता. चमचे नव्हते. मास्तरांनी आवाज वाढवला, सुईवरचा केर फुंकला, स्पीकरला कान लावला.

"दोन वर्षं सांगतेय, कान दाखवा म्हणून," बायको म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

त्या दुपारी त्यांनी पत्र्याचा डबा उपडा केला. सापडायला वेळ लागला नाही. मासिकाने तारखेनुसार धाडलेली पत्रं तारखेनुसारच पडली होती. टाइप केलेली चिठ्ठी, नाव नाही.

*कोऱ्या लेबलाची रेकॉर्ड कृपया पंचेचाळीसवर लावून एकदा ऐकावी. नंतर जे वाटेल ते लिहावं. तक्रार नाही.*

*

ऐकणं दुसरं

चिंगी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. एकोणीस वर्षं तेच काम. काचेची खिडकी असलेली, आतून जाड कापूस भरलेली एक कोठी. त्यात पेशंट हेडफोन लावून बसतो, बाहेर चिंगी यंत्रापाशी. ती एकेक सूर पाठवते, आकडा जितका मोठा तितका सूर बारीक, आणि ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. कुठे ऐकू आलं, कुठे नाही, त्याचा आलेख निघतो.

मास्तरांनी रीतसर वेळ घेतली. फोनवर बोलायचा त्यांना धीर झाला नाही, आणि कानांचं निमित्त खरंही होतं.

"तू आणि इथे?" चिंगी म्हणाली. "सूर्य कुठून उगवला आज? बस आत. घड्याळ, चष्मा काढ."

दार लागलं. आत इतकी शांतता की स्वतःचं गिळलेलं ऐकू यावं. मग कानात तिचा आवाज आला, काचेपलीकडून, अगदी जवळून.

"आवाज आला की दाबायचं. येईल असं वाटलं म्हणून नाही."

"मी अंदाजाने दाबत नाही."

"हो का."

२५०. दाबलं.

५००. दाबलं.

१०००. दाबलं. चिंगीने मान न उचलता कागदावर खूण केली. केस पुढून पांढरे झाले होते तिचे. कधी झाले, हे मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

"चिंगे, ती रेकॉर्ड तुझी होती."

२०००. सूर आला होता, पण त्यांनी दाबलं नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"दाब," ती म्हणाली. "हा तुला येतो."

दाबलं.

"पंचेचाळीसवर लावली काल. तुझाच ठोका. तीन आणि दोन."

"बावीस वर्षं." तिने यंत्रावरची खुंटी फिरवली. "तू सावकाश ऐकणारा आहेस हे माहीत होतं, एवढा असशील असं वाटलं नव्हतं."

३०००. उशिरा दाबलं.

"सांगायचं नाहीस का मला?"

"सांगितलं होतं. विसरलास? रविवार होता, जेवायला बसत होतो. तू पान वाचलंस. आई म्हणाली, कोणाचं तरी लेकरू असेल रे ते, इतकं टाकून बोलू नये. तू म्हणालास, लेकराने मग कपाटावर मुठी आपटू नयेत. मी विचारलं, दादा, किती वेगावर लावली होतीस? तू काय म्हणालास आठवतं?"

"नाही."

"'चिंगे, आता तू मला वेग शिकवणार? आधी चमचे मांड.'" ती हे सांगताना आलेखावर रेघ ओढत होती, पट्टी लावून. "सगळे हसले. मीसुद्धा हसले. आणि चमचे मांडले."

४०००.

मास्तरांना काही ऐकू आलं नाही. काचेतून तिचा उजवा हात दिसत होता. तिचा अंगठा खुंटीच्या बाजूच्या कळीवर दाबला जायचा आणि उठायचा. अंगठा दाबला गेला की मास्तरांनी बटण दाबलं. पुन्हा अंगठा, पुन्हा बटण. पुन्हा.

चिंगीने मान वर केली.

"आता काय ऐकलंस?"

"सूर. बारीक."

"मी काही पाठवलंच नव्हतं. नुसता हात हलवत होते."

मास्तरांच्या मांडीवरची ती बटणाची डबी एकदम जड झाली.

"पेशंट करतात असं," ती म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "लहान मुलं करतात जास्त. तोंड फिरवून बस. भिंतीकडे."

पासष्टीच्या उंबरठ्यावरचा माणूस खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. ४०००, काही नाही. ६०००, काही नाही. ८०००, काही नाही. बराच वेळ काही नाही. मग कानात ती म्हणाली, "झालं. ये बाहेर."

बाहेर टेबलावर आलेख होता. रेघ डावीकडून बरी सपाट येत होती आणि तीन हजारानंतर लिफ्टची दोरी तुटावी तशी खाली गेली होती.

"चमचे ऐकू आले का तुला काल?"

"नाही."

"येणार नाहीत. ते सगळे याच्या पलीकडचे आहेत." पेनाने तिने दोरी तुटल्यानंतरचा भाग दाखवला. "तळघरातल्या स्पीकरांनी खाल्लं."

"कानाला मशीन लावलं तर?"

"बोलणं येईल. माणसांचं बोलणं ऐकण्यासाठीच असतं ते. संगीताला लावलंस तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखं होतं. खोटं कशाला सांगू."

मास्तरांनी मग जे बोलायला आले होते ते काढलं. लेबलवाल्या बाईचा फोन, मग रात्री आपण तिला कळवलेला वेग. ती रेकॉर्ड पुन्हा छापायची म्हणते. कव्हरवर मजकूर मास्तरांनी लिहावा म्हणते. "मी लिहितो, चिंगे. सगळं लिहितो. वेग चुकला, कान चुकला, माणूस चुकला. तुझं नाव घालून. सगळ्यांना कळू दे, कोणी केली ते."

"माहीत असतं माझी आहे, तर तेव्हा चांगलं लिहिलं असतंस ना?"

"अर्थात."

"म्हणून तर नाव घातलं नव्हतं." तिने पेनाला टोपण लावलं. "मला भावाचं कौतुक नको होतं. मासिकातल्या मास्तरांनी ऐकावं, एवढंच हवं होतं. दोन वर्षं केली ती मी. तुझा आईकडे टाकून दिलेला सिंथेसायझर पलंगाखालून ओढून. तू हॉलमध्ये असायचास तेव्हा."

"किती छापल्या होत्यास?"

"दोनशे. दुकानांतून सगळ्या परत आल्या. माळ्यावर ठेवल्या. आई गेल्यावर घर रिकामं केलं तेव्हा ते खोके तूच उतरवलेस. काय आहे विचारलंस, मी म्हटलं, फरशा. तू म्हणालास, फार जड आहेत गं. आणि भंगाराच्या टेम्पोत टाकलेस."

मास्तरांना ते खोके आठवले. पाठीत उसण भरली होती. चिंगीनेच मलम आणून दिलं होतं.

"थांबवायचं नाहीस?"

"तू उचलत होतास ना, मला बघायचं होतं." तिने आलेख फायलीत लावला. "एखादा खोका तरी उघडशील असं वाटलं. संग्रह करणारा माणूस, चौकोनी खोका, बारा इंचाचा. नाही उघडलास."

बाहेर पुढच्या पेशंटची चाहूल लागली. चिंगी उठली, कोट सारखा केला.

"छापू दे तिला. माझी हरकत नाही. पण तू नवीन काही लिहायचं नाहीस. जुनं पान छापायचं, मागच्या बाजूला, एक शब्द न बदलता. खाली तुझं पूर्ण नाव. पुढच्या बाजूला फक्त पंचेचाळीस."

"आणि तुझं नाव?"

"कोरं."

"चिंगे, लोक हसतील मला."

"हसतील," ती म्हणाली. "मीपण हसले होते की. मरत नाही माणूस. पुढचे या."

*

ऐकणं तिसरं

रेकॉर्ड आली. पांढरं कव्हर, पुढे वीतभर आकड्यात ४५, मागे बारीक अक्षरात मास्तरांचं पान आणि नाव. बाईने प्रत अगत्याने कुरियरने पाठवली होती. आठवड्याभरात जुन्या एका डीजेचा फोन आला. "मास्तर, घरात पाणी आहे ना? नाहीतर आणून देतो." मास्तर ओठ दाबून हसले. ती सवय होती. फोनवर ते दिसत नाही.

बाकी त्या आठवड्यात जे झालं ते मास्तरांच्या नव्या कार्डावर उतरलं आहे, तेवढंच:

क्रमांक: २११४ ब
लेबल: कोरं
कोणाची: 
वेग: ४५
किती वेळा ऐकली: एकदा. ठोका आला. आवाज आला. चमचे आले नाहीत.
दोनदा. मशीन लावून. डबा वाजला.
तीनदा:

तिसऱ्या खेपेला दुपार होती. मास्तरांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं, दाराला आतून कडी घातली. पंचेचाळीसवर पुन्हा तेच: तीन आणि दोन, *मला पण ऐकू दे*, आणि वर जिथे आई ड्रॉवर आदळत होती तिथे नुसतं मोकळं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा आवाज कुठे धरून ठेवलेला नव्हता. घरात चार हजार रेकॉर्डी, आणि आईचं असं काही असेल तर ते हेच, रागावलेल्या दुपारचे आठ-दहा चमचे.

मग त्यांना जे सुचलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्यासाठी जन्म रेकॉर्डींत घालवावा लागतो. रेकॉर्ड सावकाश फिरवली की सगळे आवाज खाली उतरतात. वरचे खाली येतात. दोरी तुटते त्या जागेच्या अलीकडे येतात.

त्यांनी हात पुढे केला आणि तेहतीसचं बटण दाबलं.

मुठी जड झाल्या, कपाट लाकडी झालं. आणि मग, वर कुठेतरी, एक चमचा पडला. मग दुसरा. सावकाश, एकेक, स्पष्ट, जसे काही आईने राग सोडून नीट मोजून ठेवले. मास्तरांनी डोळे मिटले. मोठा डाव, त्याचा वेगळाच आवाज. दोन छोटे, एकावर एक. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. चौथ्या मिनिटाला तो माणूस आला आणि रडक्या घशाने काहीतरी मागू लागला. मास्तरांनी त्याला मागू दिलं. बाजू संपली, त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा चमचे, पुन्हा तो माणूस. पुन्हा लावली.

किती वेळा, ते कार्डावर नाही.

शेवटी उठून कडी काढली तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, ओठ हलत होते. मास्तरांनी टेबलावरचं मशीन उचलून कानात बसवलं.

"... म्हणून म्हटलं, दार ठोठव, ऐकू जात नाही त्यांना," बायको म्हणत होती.

"कोण?"

"चिंगी आली होती ना. मशीन नीट बसलंय का बघायला. अर्धा तास उभी होती दाराशी. मी म्हटलं, जोरात ठोठव. नुसता हात लावून उभी." बायकोने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. "तुम्ही तिचीच लावली होती ना? पण असा आवाज का येत होता, पुरुषासारखा?"

मास्तरांनी टर्नटेबलकडे पाहिलं. तेहतीसचा लाल दिवा.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. म्हणाली, असू दे वहिनी. ऐकू दे त्याला." बायकोने पदराला हात पुसले. "आत्ताच गेली. गाठाल तर जिन्यात असेल."

मास्तर दारापर्यंत गेले. जिन्यात सांगायचं काय, याची जुळवाजुळव करत ते उंबरठ्यावर उभे राहिले: दोरी, तीन हजार, खाली उतरणारे आवाज, आईचे चमचे. सगळं खरं होतं. वाक्य लागेना.

मशीन चांगलं होतं. तीन मजले खालचं फाटक लागलं, ते त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.